उन्हात निजलेली बॅटरी

९ मे

रेशमाच्या अळ्या चौथी झोप उठल्या, कात टाकून. सकाळी मंगलने पहिला पाला टाकला तर घटकेत नुसते देठ उरले. डोहाळकरीण परवडली. आता आठवडाभर हे शेवटचं खाणं, मग कोष.

शेडवर पत्रा, वरून हे ऊन. दोन कुलर चालू, हवा बाहेर फेकणारे पंखे चालू. मंगल सारखी आत जाऊन भिंतीवरचा उष्णतेचा काटा बघून येते. तोंडानं म्हणते काही नाही, पण मी तिचा सासरा असलो तरी आता तिचं तोंड वाचता येतं मला. मागच्या दोन बॅचा गेल्या. एक उन्हानं, एक शेजारच्या रानातली फवारणी तुतीवर उडून. दत्तूनं पुण्याहून सांगून ठेवलंय, ही बी गेली तर शेडला कुलूप, मंगलनं पुण्याला यायचं. नवऱ्याजवळ राहायचं. त्याचंही खोटं नाही. तिला जायचं नाही. हे शेड तिनं उभं केलंय, माहेरच्या माणसांना आणून दाखवलंय.

मला विचाराल तर... पण मला कुणी विचारत नाही.

ती गेली तर या घरात मी एकटा. हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं.

१० मे, सं.

दिवस कलताना आभाळ पिवळं पडलं. वारा असा सुटला की गोठ्यावरचा एक पत्रा उडून शेजारच्या बापूरावच्या अंगणात. पाऊस नावाला चार थेंब. पण घाटनांदूरच्या रस्त्यानं खांब ओळीनं आडवे झालेत म्हणतात, जेवून निजल्यासारखे. गावाची लाईट गेली.

आमची नाही. दिव्यानं एकदा डोळा मिचकावला, बस. कुलरचं पातं थांबायच्या आत परत करंट धरला. मंगल शेडातून ओरडली, "मामा, गेली का हो लाईट?" म्हटलं, गेली बी आन् आली बी.

आधी नुसत्या सोलरच्या प्लेटा होत्या तेव्हा असं नव्हतं. लाईट गेली की भर उन्हात सोलर पण बंद. मी सोलरवाल्याला विचारलेलं, ऊन आहे, प्लेटा आहेत, मग हे कावून बंद? तो म्हणाला, तात्या, तुमच्या घरातला करंट उलटा तारेत गेला तर खांबावर चढलेला माणूस मरंल, म्हणून मशीन आपलं आपण तोंड मिटून घेतं. पटलं. दिवाळीला दत्तूनं बॅटरी आणली. आता लाईट गेली की मशीन बाहेरच्या तारेशी नातं तोडतं आणि घरातल्या घरात भागवतं. दिवसा ऊन, रात्री बॅटरी.

सगळं घर नाही भागवत. सोलरवाल्यानं वाटण्या करून दिल्यात. शेड, स्वयंपाकघर, माझ्या खोलीतला पंखा बॅटरीकडं. बोअरची मोटार बाहेरच्या लाईटकडं, ती लई ओढते म्हणून. म्हणजे उजेड आहे पण पाणी टाकीत आहे तेवढंच. जपून.

११ मे

सकाळपासून ओसरीवर मोबाईलचा बाजार. अख्खी आळी चार्जिंगला. कुणाला नाही म्हणू? मोबाईलला लागतो तरी केवढा करंट. चिमणी पाणी पिऊन गेली म्हणून आड आटत नाही.

बापूराव (भिंतीला भिंत लागून घर, लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला) म्हणाला, "तात्या, तुमची एक वायर आळीच्या तारेला टाका की. समद्या आळीला उजेड हुईल."

"आन् बबन वायरमन खांबावर चढलेला असला तर?"

"बबन? तो कुठला चढतोय! लाईट असली तर म्हणतो लाईट हाय, नसली तर म्हणतो आता चढून काय करू."

ओसरी हसली. पण मी नाही म्हणालो. जन्मात मला धड नाही म्हणता आलं ते एवढंच असेल.

दु. बबन स्वतःच मोबाईल घेऊन आला. बापूरावनं धरला त्याला. "काय बे, कधी येती लाईट?" बबन म्हणाला, "खांब आंबेजोगाईवरून येनार. मग खड्डे, मग तार. मी काय खांब पोटातून काढू का?" म्हणजे आणखी काही दिवस गेले.

१२ मे

अर्धा दिवस ढगाळ. प्लेटा अर्धपोटी. मंगलनं नियम केला, मोबाईल फक्त ऊन टळटळीत असताना, आणि संध्याकाळी एक कुलर बंद, रात्री दोन्ही. खिडक्यांच्या जाळ्या उघडून गार वारा घ्यायचा. मशीनच्या पडद्यावर आकडा असतो बॅटरीचा. तो वीसवर आला की मशीन आपण होऊन थांबतं. त्याला म्हणायचं राखीव. सोलरवाल्यानं तसं लावून दिलंय. मला हे सगळं पुस्तकातून कळलंय, मशीनबरोबर आलेलं. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं, चित्रं बघून ताडलं. दत्तू म्हणतो तात्या निम्मे इंजिनिअर झालेत. अंगावर मूठभर मांस चढलं होतं तेव्हा.

सोनाआईचं, म्हणजे बापूरावच्या आईचं, बरं नाही. उकाड्यानं बेजार झालीय म्हातारी. संध्याकाळी जाऊन बसलो. म्हणाली, "जेवलास का रे?" स्वतः दोन दिवस पेजेवर.

१३ मे

सोनाआई गेली. दु., झोपेतच. सुटली.

माझी बायको गेली तेव्हा दिवस घालेपर्यंत आमची चूल सोनाआईनं पेटू दिली नाही. दोन्ही वेळेला भाकरी भिंतीवरून यायची. "जेवलास का रे" तेव्हापासूनचं.

तिची लेक कांता सुरतेला. तिच्यावाचून उचलायचं नाही असं बापूरावचं. आईनंही तसंच सांगितलेलं, कांतीला तोंड दाखवा माझं. सुरतेहून निघालं तरी येईस्तोवर उद्या सकाळ. आणि हा मे महिना. बर्फाला गाडी पाठवली ती रिकामी आली, लाईट नाही तर बर्फ कुठला. मंडळाच्या पोरांनी काचेची पेटी आणली, मयत ठेवायची, गार करणारी. पेटी आली पण तिला लावायचं कशात?

बापूराव दारात आला. नुसता उभा राहिला. मी म्हणालो, घे बाबा वायर आतून, हे काय विचारायचं झालं?

मागं मंगल पाल्याची पाटी घेऊन उभी होती ते नंतर दिसलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर भिंतीवरून बापूरावच्या ओसरीत. पेटी चालू झाली आणि आमचं सगळं बंद. मशीन ओरडायला लागलं. पेटीतलं यंत्र सुरू होताना हिसका मारतं, वरून कुलर. दोन्ही कुलर बंद केले, मग धरलं. मंगल म्हणाली, "असू द्या. ऊन उतरलंच हाय, जाळ्या उघडते." सगळं नीट होईल असं वाटलं. रात्रभर पेटी, सकाळी ऊन, सकाळी कुलर. ऊन काय, फुकटचं. रोजच येतं.

१४ मे, सं.

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

रात्री भजन चाललेलं असताना मशीन थांबलं. राखीववर आलेलं. परवाच्या ढगानं बॅटरी मुळात पोटभर नव्हती, आणि पेटीनं माझ्या अंदाजापेक्षा लई ओढलं. बायका रडायला लागल्या, पेटी बंद पडली म्हणून. माझ्या मनात आलं, राखीव ठेवायचं कशासाठी? अडीअडचणीला. मग याच्यापेक्षा मोठी अडचण कोणती? पुस्तकात वाचलेलं होतंच. बटणं दाबली, राखीव खाली आणलं. पार तळाला. पेटी पुन्हा सुरू झाली. बापूरावनं हात धरला माझा.

तांबडं फुटायच्या आधी सगळंच बंद. तेव्हाही वाटलं, असू दे, आता दिवस उगवंलच.

उगवला. स्वच्छ, ढगाचा टिपूस नाही. प्लेटा चकचकीत. आणि मशीन मेल्यासारखं. पडदा काळा. बटण दाबलं, धरून ठेवलं, सगळं बंद करून परत चालू केलं. काही नाही. वर एवढं ऊन की स्लॅबवर पाय ठेववत नाही, आणि घरात एक दिवा लागत नाही.

कांता आली. पेटीतला गारवा तेवढा टिकला होता, देवाची कृपा. तिनं आईचं तोंड बघितलं. मग उचलली. मी खांदा दिला आणि स्मशानातून परस्पर गणपत टेलरच्या पोराच्या गाडीवर घा.नांदूरला गेलो, कारण गावात फोनला रेंजच नाही. टॉवर पण बिचारा आमच्यासारखाच बॅटरीवर, रात्रीतून तीही उतरलेली.

सोलरवाल्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तात्या, राखीव कुणी खाली घेतलं?" मी सांगितलं. म्हणाला, बॅटरी पार उतरली की ती स्वतःला वाचवायला निजते. आणि हे मशीन जागं व्हायला आधी बॅटरीतला करंट लागतो, नुसत्या उन्हावर ते डोळा उघडत नाही. आता बाहेरून कायतरी द्यायला हवं. लाईट, नाहीतर जनरेटर.

एवढं ऐकलं आणि कळलं. विरजण. दूध हंडाभर असलं तरी चमचाभर विरजण नसेल तर दही लागत नाही. मी विरजणाची वाटी पुसून ठेवली होती.

मंडपवाल्याकडं जनरेटर होतं, पण लग्नाला गेलेलं. संध्याकाळी देतो म्हणाला. हातापाया पडलो. संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ.

परत आलो तर दुपार भरात. मंगल शेडात सुपानं वारा घालत होती. साडीचा पदर ओला करून डोक्यावर. काटा बघितला नाही मी, धाडस नव्हतं. आंघोळ टाकीतल्या दोन तांब्यांत उरकली, चुन्यात पाय बुडवले आणि दुसरं सूप घेतलं. किती वेळ घालत होतो कोण जाणे. हवा गरमच, ती इकडची तिकडं करायची.

स्मशानातून पाच-सहाजण परस्पर मदतीला आले. चांगली माणसं. मंगल दारात आडवी आली. "भाऊजी, आत नका येऊ. आंघोळ करून या."

गणपत टेलर चिडला. "वैनी, आमी काय परके हाव का? विटाळ मानता का काय?"

"विटाळाचं न्हाई हो. बाहेरून कुनी तसंच आत आलं की अळ्यांना रोग लागतो. पाय बी धुवाय लागतेत."

"मग पानी द्या धुवायला."

पाणी कुठं होतं. बोअर बंद. टाकीचा तळ आम्ही दोघांनी खरवडलेला. माणसं मदतीला उभी, दार उघडं, आणि आत घेता येत नाही. कुणाचंच चुकलं नव्हतं. शेवटी त्यांनी देवळामागच्या जुन्या आडातून शेवाळलेल्या, पाय धुवायच्याही लायक नसलेल्या पाण्याच्या घागरी काढल्या, ओली गोणपाटं बाहेरूनच पत्र्यावर टाकली. टाकेपर्यंत पहिली वाळायची. तरी टाकत राहिले.

जनरेटर दिवेलागणीला आलं. तासभर चालवलं आणि मशीनच्या पडद्यावर हिरवा ठिपका आला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मंगल शेडातच होती.

१५ मे

आज ऊन आलं आणि मशीननं बिनतक्रार घेतलं. कुलर चालू, पंखे चालू. जसं काही झालंच नव्हतं.

मंगलनं पाला टाकला. काही बेडवर खाल्ला. काही बेडवर तसाच पडून, कडा वाळायला लागलेल्या. अळ्या हलतात, पण जीव नसल्यासारख्या.

दु. पायरीवर बसली तेव्हा मी सांगितलं. राखीव मीच उतरवलं म्हणून. तिला वाटत होतं मशीन बिघडलं. "मी त्या सोलरवाल्याला काय काय बोलले मनात," म्हणाली. मग थोडी हसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "मामा, तुमी हो म्हणलाव त्याचं मला काय बी न्हाई. मी बी हो म्हणले असते. सोनाआई हाय ती. पण मी मागं उभी होते ना. एकदा वळून बघायचं तरी."

पायरीवरचा चुना नखानं उकरत बसलो.

१६ मे

सावडून आलो. बापूराव सगळ्यांसमोर म्हणाला, तात्या नसते तर माझी आय तोंड न दाखवता गेली असती. त्याला अजून माहीत नाही. मंगलनं बजावलंय, "सांगायचं न्हाई. त्याच्या आईच्या मरणाला आपल्या अळ्या नका चिकटवू." बरोबर आहे. पण तो उपकार उपकार म्हणतो आणि मी खाली बघतो. कुणाच्या जिवावर मी दिलदार झालो?

टॉवर जनरेटरवर सुरू झाला. दत्तूचा फोन. "बॅटरीनं काम केलं ना तात्या?" म्हटलं, केलं. "बॅच?" म्हटलं, मंगलला विचार. मंगल म्हणाली, "खायला लागल्यात." सगळ्या नाहीत हे ती म्हणाली नाही. मी फोन ठेवताना तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं नाही.

१७ मे

आज मेलेल्या वेचल्या. अंग पिवळट, कातडी ताणलेली, हात लागला की फुटून दुधासारखं पाणी. मंगल चिमट्यानं उचलते, बादलीत टाकते. मी मागं चुना टाकत जातो. एका कडेचे बेड जास्त गेलेत, उन्हाकडच्या पत्र्याला लागून असलेले. आतल्या अंगाचे बरे वाटतात. वाटतात.

बादली खड्ड्याकडं नेताना भिंतीपलीकडून कांतानं हाक मारली. सुतकात आहे, येता येत नाही, तिथूनच. "मंगल, तुझ्यामुळं आयचं तोंड बघाय गावलं गं. आन् तुज्या अळ्या कशा हायेत?"

मंगलनं बादली पायामागं सरकवली. "हायेत की आक्का. खातेत."

"आमच्या सुरतेला समदं रेशमाचंच," कांता म्हणाली. "तुजे कोष झाले की एक दाखवाय आन हं."

"आनते की."

१८ मे

लाईट आली. सकाळी मशीननं परत डोळा मिचकावला आणि बाहेरच्या तारेशी जुळवून घेतलं. बोअर सुरू. टाकी भरून वाहिली तरी बंद करायचं सुचलं नाही. आळीत फटाका लावला कुणीतरी, सुतकाचं घर शेजारी आहे हे विसरून. बबन खांबावरून खाली उतरला आणि आधी माझ्याकडं चहाला आला. म्हणाला, "तात्या, तुमच्या प्लेटांचं भ्याव होतं मला. उलटा करंट सोडला असता तर मी गेलतो." म्हटलं, नाही सोडला. एवढं तरी.

सोलरवाला येऊन गेला. राखीव परत वीसवर केलं आणि वर कुलूप लावलं, आकड्यांचं. आकडे मंगलला सांगितले, मला नाही. मीच तसं म्हणालो त्याला. बॅटरीची तब्येत ठीक आहे म्हणाला, एकदा उतरली तरी काही होत नाही तिला.

तिला.

१९ मे

काल रात्रीपासून काही अळ्यांनी खाणं सोडलंय. हे दोन कारणांनी होतं. पिकली की सोडते, आजारी पडली की सोडते. मंगल एक एक तळव्यावर घेऊन उजेडात धरते. अंग काचेसारखं झालं असेल तर पिकली. मला काही फरक कळत नाही. तिलाही आज पटकन कळत नाही असं दिसलं. तीच अळी दोनदा उचलून बघत होती.

चंद्रिका धुऊन, वाळवून आणल्या. बांबूच्या जाळ्या त्या, यातच कोष विणतात. सकाळी निवडलेल्या सोडल्या. किती सोडल्या ते तिनं मोजलं नाही, मीही नाही.

दु. दत्तूचा फोन आला होता. मंगलनं उचलला नाही. वाजून वाजून थांबला. मग माझा वाजायला लागला. मी तिच्याकडं बघितलं. या खेपेला आधी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, नको. नाही उचलला.

आता ऊन उतरतंय. कुलर चालू आहेत, पंखे चालू आहेत, लाईट आहे, बॅटरी भरलेली आहे. करायला काहीच उरलेलं नाही, ते सगळ्यात वाईट. मंगल चंद्रिकेसमोर उकिडवी बसलीय, मी दारात, आत बोलावलं नाही म्हणून. अळ्या बांबूला धरून आहेत. एक-दोन खाली पडल्या, तिनं उचलून परत ठेवल्या. मधल्या रांगेत एक आहे, ती मघापासून मान उचलून डावीकडं उजवीकडं करतीय, जागा शोधत असल्यासारखी.

"इनती का गं?" मी विचारलं.

"मान तर हलवती, मामा."

धागा अजून दिसत नाही.